कुपी क्रमांक ५३-एन : हाफकिन आणि त्यांच्या नोंदवह्या

बुलढाणा जिल्ह्यात मृगाच्या सरी आल्या आणि पेरणीची लगबग सुरू झाली, की सर्पदंशाचे रुग्णही वाढू लागतात. शेतातून उचललेला माणूस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून खामगाव किंवा बुलढाण्याच्या रुग्णालयात आणि श्वास मंदावू लागला तर थेट अकोल्याच्या वाटेला, हा क्रम घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांना तोंडपाठ आहे. त्या धावपळीत ज्या प्रतिविषावर साऱ्यांची भिस्त असते, त्याच्या कुपीवर वर्षानुवर्षे एक परके नाव छापून येत राहिले : हाफकिन. पोलिओच्या डोसामुळे तेच नाव घराघरांत पोहोचले. नाव इतके ओळखीचे असूनही त्यामागचा माणूस मात्र महाराष्ट्राला फारसा ठाऊक नाही.

वाल्डेमार मॉर्देकाय हाफकिन यांनी सर्पदंशावरचे औषध शोधले नव्हते. ते वैद्यकीय पदवीधरही नव्हते. त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे. पटकी आणि प्लेग या दोन रोगांवरच्या लशी ही त्यांची कीर्ती. परंतु या लशींइतकेच मोलाचे असे आणखी एक काम त्यांनी या भूमीवर केले. रुग्णाच्या उशाशी, तुरुंगाच्या ओट्यावर, गावच्या चावडीत जे घडते ते त्याच वेळी लिहून ठेवायचे, टोचलेला कोण आणि न टोचलेला कोण हे वेगवेगळे मोजायचे आणि मगच औषधाविषयी बोलायचे, हा दंडक त्यांनी घालून दिला. आज अतिदक्षता विभागातील संगणकीय नोंदींवरून गंभीर रुग्णांच्या उपचारांचे जे संशोधन चालते, त्यातील बहुतेक सारे पेच हाफकिन यांच्या कागदांत सव्वाशे वर्षांपूर्वीच उमटलेले दिसतात. दैवाचा खेळ असा, की नोंदींच्या आधारे कीर्ती मिळवणाऱ्या या माणसावर किटाळ आले तेव्हा त्याची अब्रूही शेवटी नोंदींवरच अवलंबून राहिली.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी रशियन साम्राज्यात ज्यू असणे म्हणजे कायम संशयाच्या छायेत जगणे होते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. १८८१ च्या ज्यूविरोधी दंगलीत आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांना अटक झाली, तेव्हा मेचनिकोव्ह त्यांच्या मदतीला धावून गेले. पुढे धर्मांतर केल्यास अध्यापकपद मिळेल अशी वाट दाखवण्यात आली. ती त्यांनी नाकारली. १८८८ मध्ये त्यांनी जिनिव्हा गाठले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते दाखल झाले. तेथे रिकामी जागा होती ती साहाय्यक ग्रंथपालाची. ती त्यांनी आनंदाने स्वीकारली आणि ग्रंथालयाचे काम आटोपले की उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवला.

तेथेच पटकीची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला, आणि त्या दिवसाचा सारा तपशील कागदावर उतरला. युरोपात मात्र या शोधाचे स्वागत थंडच झाले. पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या प्रोत्साहनाने हाफकिन यांची पावले इकडे वळली आणि १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले.

पहिल्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. सैनिक, चहामळ्यांतील मजूर, शहरवासी असे सगळे त्यांत होते. टोचणाऱ्याच्या दृष्टीने हे मोठे यश होते, पण हिशेब करणाऱ्याच्या दृष्टीने हाती फारसे काही लागत नव्हते. टोचून घेतलेली पलटण दुसऱ्या छावणीत निघून जाई. काही ठिकाणी त्या वर्षी पटकी फिरकलीच नाही, तर काही ठिकाणी ती आली तेव्हा टोचलेले किती आणि न टोचलेले किती हे सांगणारे कोणी उरले नव्हते. किती जणांना टोचले हा आकडा कितीही मोठा असला तरी त्याने लशीचा गुण सिद्ध होत नाही, ही गोष्ट हाफकिन यांना येथे पुरती उमगली. सरकारी अहवालांचा मोठ्या आकड्यांवरचा लोभ पाहता ही समज दुर्मीळच म्हणावी लागेल.

मग त्यांनी आपली रीत बदलली. कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्पसन यांच्या निमंत्रणावरून ते शहरातील बस्त्यांमध्ये गेले. लहान वस्ती घ्यायची, तिची शिरगणती करायची, कोणाला टोचले ते लिहायचे आणि मग त्या वस्तीवर महिनोन्‌महिने लक्ष ठेवायचे. १८९४ मध्ये कत्तल बागान या बस्तीत सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे पटकीने जे आजारी पडले ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. आकडे लहान होते, पण प्रत्येक आकड्यामागे एक ओळखीचे घर होते. १८९५ पर्यंत ४० हजारांहून अधिक लोकांना टोचून, हिवतापाने पोखरलेले शरीर घेऊन हाफकिन विश्रांतीसाठी इंग्लंडला गेले. १८९६ मध्ये परतले ते वेगळ्याच संकटाला सामोरे जाण्यासाठी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. बंदरात उतरलेला हा रोग गोदामांतल्या उंदरांमागोमाग चाळीचाळीतून पसरला. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे धावले, आणि रेल्वेच्या डब्यांतून रोगही त्यांच्यासोबत गेला. मराठी वृत्तपत्रे त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. खेडोपाडी तो गाठीचा ताप होता. वऱ्हाडही त्यातून सुटला नाही. मुंबईहून भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव असा नागपूरकडे जाणारा लोहमार्ग आणि जलंबहून फुटणारा खामगावचा फाटा हे कापसाचे राजरस्ते होते. कापसाच्या गाठी ज्या मार्गाने मुंबईला जात, त्याच मार्गाने माणसे परत येत. (खामगाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात ते आले १९०५ मध्ये.)

त्या काळी खेड्यातील मृत्यूची नोंद गावकामगाराच्या हाती असे. वऱ्हाडात ज्याला आजही कोतवाल बुक म्हणतात आणि जन्मतारखेसाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी ज्याची नक्कल काढायला तहसील कार्यालयात रांगा लागतात, ती नोंदींची परंपरा त्याच काळातली. माणूस गेला, एवढे त्या वहीत खात्रीने कळे. कशाने गेला, हे मात्र कळेलच असे नाही. पटकी आणि देवी ओळखू येत. उरलेले असंख्य मृत्यू 'ताप' या एका शब्दात सामावून जात. अशा वह्यांवर विसंबून लशीचा गुण ठरवणे अशक्य होते. हाफकिन यांना आपल्या नोंदी आपणच उभ्या कराव्या लागणार होत्या.

सरकारच्या बोलावण्यावरून ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा आणि हाताखाली मोजकी माणसे एवढाच सरंजाम मिळाला. तिथे त्यांनी मटणाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि तीन महिन्यांच्या आत सशांवर यशस्वी ठरलेली लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी, पुढे इतरांसाठी ठरलेल्या मात्रेपेक्षा मोठी मात्रा त्यांनी स्वतःला टोचून घेतली. कामाच्या ताणाने त्यांच्या एका साहाय्यकाची प्रकृती ढासळली आणि इतर काही जण काम सोडून गेले, पण त्या खोलीतला दिवा विझला नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिन तेथे गेले. कैद्यांना लशीची माहिती देण्यात आली आणि सुमारे दीडशे कैदी स्वतःहून पुढे आले. त्याहून थोडे अधिक न टोचताच राहिले. सर्वांचे अन्न एक, काम एक, कोंडवाडाही एक. टोचणीच्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग आधी शिरलेला होता, त्यांचा हिशेब हाफकिन यांनी वेगळा ठेवला. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. तुरुंगाच्या भिंतींनी येथे एक काम फुकटात केले होते, कोणी नजरेआड होऊ शकत नव्हता.

बाहेरच्या जगात अशा भिंती नव्हत्या, उलट भीती होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, घरोघर झडत्या सुरू झाल्या, माणसे बळाने रुग्णालयांत व छावण्यांत नेली जाऊ लागली. मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले याच रोगाला बळी पडल्या. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लशीबद्दलही नाना वावड्या उठत होत्या. सरकारचा हात ज्याला लागला ते सारेच लोकांच्या लेखी विषारी झाले होते, आणि त्याचा दोष लोकांकडे फारसा जात नाही. या वातावरणात हाफकिन सक्तीच्या विरोधात राहिले. लस घ्यायची ती माणसाने समजून घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता. आगाखान यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले, आपल्या खोजा समाजाला उद्युक्त केले आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हलली. तेच आजचे हाफकिन इन्स्टिट्यूट.

या साऱ्या काळातील सर्वांत बोलका कागद मात्र मुंबईचा नाही. तो बडोदे संस्थानातील उंधेरा या लहानशा गावचा आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग जोरात होता. हाफकिन यांनी घरनिहाय यादी करवली आणि प्रत्येक घरातील अर्ध्या माणसांना टोचले. वय, लिंग, प्रकृती या बाबतींत दोन्ही भाग शक्य तितके सारखे राहतील अशी काळजी घेतली. एकच चूल, एकच छप्पर, तेच उंदीर आणि त्याच पिसवा. नंतर ज्या घरांत रोग शिरला त्या घरांचा हिशेब मांडला गेला. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले.

या आकड्यांसमोर क्षणभर थांबावे लागते. लस किती गुणकारी आहे याचा एवढा स्वच्छ पुरावा त्या काळात दुसरा सापडणे कठीण. परंतु ती २६ माणसे त्याच घरांतली होती जिथे शेजारी झोपणारा भाऊ किंवा सून वाचली. आज असा प्रयोग करायचा तर नीतिविषयक समितीसमोर शंभर प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील, आणि ती द्यावी लागतात हे योग्यच आहे. त्या वेळी लस सर्वांना पुरेशी नव्हती, तिच्यावर सर्वांचा विश्वास नव्हता आणि ती खरोखर वाचवते का हेही निश्चित नव्हते, हे ध्यानात घेऊनच हाफकिन यांचा न्याय करावा लागतो.

एवढे करूनही शंका संपल्या नाहीत. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये देशभर फिरून साक्षी घेतल्या. लशीमुळे रोग आणि मृत्यू कमी होतात हे त्याने मान्य केले, पण नोंदींच्या अचूकतेवर बोट ठेवले. गाव सोडून गेलेले न टोचलेल्यांत मोजले गेले का? साथ निम्मी ओसरल्यावर टोचलेल्या माणसाला आधीपासून धोक्यात असलेल्या माणसाशी कसे ताडून पाहायचे? जे आपण होऊन टोचून घेतात ते मुळातच अधिक सावध, अधिक खातेपिते असतात, त्याचे काय? पुढे १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी पटकी व विषमज्वराच्या टोचणीची आकडेवारी तपासून याच प्रश्नांना नेमके रूप दिले. दोन्ही गट सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असले पाहिजेत, दोघांना रोगाचा धोका सारखा असला पाहिजे आणि कोणाला रोग झाला हे ठरवताना त्याला टोचले होते की नाही याचा परिणाम होता कामा नये, अशा त्यांच्या अटी होत्या.

या अटी जुन्या झालेल्या नाहीत. आज अतिदक्षता विभागातील रुग्णाची नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू, कृत्रिम श्वसनयंत्राचा दाब, औषध दिल्याची वेळ हे सारे यंत्रे आपोआप टिपून ठेवतात. अमेरिकेतील बॉस्टनच्या एका रुग्णालयातील अशा हजारो रुग्णांच्या नोंदी, नावगाव काढून टाकून, मिमिक या नावाच्या संग्रहात जगभरच्या संशोधकांना उपलब्ध आहेत. भारतातही २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. आभा क्रमांकाच्या रूपाने आरोग्याच्या नोंदी जोडण्याची खटपट खेड्यांपर्यंत आली आहे. सामग्री अशी अफाट वाढली तरी पेच तेच आहेत. अधिक अत्यवस्थ रुग्णाच्या तपासण्या अधिक होतात, म्हणून त्याच्याविषयी माहितीही अधिक साठते. जो बरा होत चालला आहे त्याची पाने रिकामी राहतात. एखादे औषध पाचव्या दिवशी दिले जात असेल, तर ते मिळण्यासाठी रुग्णाने पाच दिवस जगलेले असावे लागते. मग औषध घेतलेले अधिक वाचले असे दिसते, पण त्यांतले काही श्रेय औषधाचे नसून त्या पाच दिवसांचे असते. टोचणीच्या दिवशीच आजारी असलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवणाऱ्या हाफकिन यांना हा पेच समजावून सांगावा लागला नसता.

करोनाच्या काळात याची दोन टोके जगाने पाहिली. २०२० च्या मे महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयी एक लेख लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात आला. शेकडो रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांच्या संगणकीय नोंदींचा आधार त्यात सांगितला होता. औषधाने मृत्यू वाढतात असा त्याचा निष्कर्ष; त्यावरून काही देशांत चाचण्या थांबल्या. मूळ नोंदी दाखवा, अशी मागणी झाली तेव्हा त्या पुढे आल्याच नाहीत आणि ४ जून रोजी लेख मागे घ्यावा लागला. त्याच महिन्यात ब्रिटनमधील रिकव्हरी या चाचणीचा निकाल आला. तेथे रुग्णांची विभागणी चिठ्ठी टाकावी तशी केली होती, प्रत्येकाबद्दल मोजकीच माहिती भरून घेतली होती आणि तो पुढे जगला की नाही हे राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या नोंदींवरून तपासले होते. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे त्यातून सिद्ध झाले. लाखाच्या घरातला पहिला आकडा पोकळ निघाला, कारण त्याच्यामागे कोणालाही दाखवता येईल असा रुग्णाचा कागद नव्हता. उंधेऱ्याच्या ७१ आणि ६४ या आकड्यांमागे तो होता.

हाफकिन यांच्यावरचे संकट आले १९०२ मध्ये. पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि तेथील सरकारने टोचणीची प्रचंड मोहीम आखली. लशीची मागणी अवाच्या सवा वाढली. ती पुरी करण्यासाठी परळच्या प्रयोगशाळेत कृतीत बदल करण्यात आला. लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची रीत स्वीकारली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ लोकांना लस देण्यात आली. त्यासाठी पाच कुप्या उघडल्या होत्या. आठवडाभराने त्यांतील काहींचे जबडे आखडू लागले. तो धनुर्वात होता. एकूण १९ जण त्यात गेले.

कोणाला कोणत्या कुपीतून टोचले हे त्या दिवशी जागच्या जागी लिहिलेले होते, म्हणूनच एक गोष्ट तत्काळ उघड झाली. ते एकोणीसही जण एकाच कुपीतले होते. तिचा क्रमांक ५३-एन. इतर चार कुप्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नव्हते. म्हणजे सारी लस दूषित नव्हती, तर एकच कुपी दूषित झाली होती. प्रश्न एवढाच उरला, की ती परळला भरताना दूषित झाली की मुल्कोवालच्या धुळीत उघडताना?

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्यासह तिघांचा चौकशी आयोग बसला. दोष प्रयोगशाळेचा, कुपी उघडण्यापूर्वीच ती दूषित झालेली होती, असा त्याचा कौल पडला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते कामावरून दूर झाले, पगार थांबला आणि लंडनला जाऊन त्यांना आपल्या बचावाची लढाई सुरू करावी लागली. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांत हा परका, वैद्यकीय पदवी नसलेला माणूस आधीपासूनच अनेकांना खुपत होता. तो रशियाचा हेर असल्याची कुजबुजही पूर्वी झाली होती. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपावरून शिक्षा झाल्याचे प्रकरण ताजे होते. हाफकिन यांच्या हितचिंतकांना त्याची आठवण होणे साहजिक होते. पूर्वग्रहाने निकाल फिरवला असे ठामपणे म्हणता येत नाही, पण त्याने निकालाची वाट सोपी केली असावी.

येथून पुढे पाच वर्षे हाफकिन यांनी एकच काम केले. मुल्कोवालच्या चौकशीचे सारे कागद त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी पुन्हा पुन्हा वाचले. कलकत्त्याचे जुने सहकारी डॉ. सिम्पसन त्यांत आघाडीवर होते. त्या कागदांत दोन गोष्टी होत्या, ज्यांना आयोगाने पुरेसे वजन दिले नव्हते. एक, ५३-एन कुपी उघडताना बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. दुसरी, कुपी उघडली तेव्हा टोचणाऱ्या डॉक्टरांना कसलीही दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू बंद कुपीत कित्येक दिवस वाढत असते, तर तिला घाण वास आल्यावाचून राहिला नसता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांनीही या प्रकरणाची तपासणी केली होती, आणि कुपी उघडतानाच दोष शिरला नसेल असे त्यांना म्हणता आले नव्हते. वास आला की नाही हा साधा तपशील. तो त्या वेळी कोणी विचारला नसता, सांगितला नसता, कागदावर उतरला नसता, तर हाफकिन यांच्यापाशी बचावाला फारसे काही उरले नसते.

हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिकंदराबादेत शोधून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आता उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप पुराव्याला धरून नाही, असा त्याचा आशय होता. प्रश्न ब्रिटिश संसदेतही गाजला. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात काम देऊ केले. दोष तेथील चिमट्याचा होता, हे पूर्वी ठासून सांगता आले नव्हते आणि आताही ते शंभर टक्के सिद्ध झाले नव्हते. एवढेच म्हणता येत होते, की प्रयोगशाळेवरचा ठपका टिकत नाही. हाफकिन यांना तेवढे पुरेसे होते.

परळची खुर्ची मात्र परत मिळाली नाही. ती भरलेली होती. त्यांची रवानगी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत झाली. तेथे त्यांनी संशोधन केले, पण मोठ्या प्रमाणावर माणसांवर टोचणीचे प्रयोग करण्याची पूर्वीची मोकळीक त्यांना मिळाली नाही. ज्या माणसाने आपली सारी बुद्धी प्रत्यक्ष वस्तीतल्या नोंदींवर लावली, त्याला वस्तीपासून तोडणे ही शिक्षाच होती, मग आदेशात तसे लिहिलेले असो वा नसो. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि युरोपला परतले. लग्न त्यांनी केले नाही. उतारवयात ते आपल्या ज्यू धर्माच्या आचाराकडे अधिकाधिक वळले, त्यावर लिहू लागले आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी ठेवली.

इकडे प्लेग ओसरायला आणखी बरीच वर्षे लागली. १८९६ पासूनच्या साथींत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. लस सर्वांपर्यंत कधीच पोहोचली नाही. मुल्कोवालनंतर पंजाबातील लोकांचा तिच्यावरचा विश्वासही डळमळला, आणि चौकशीच्या त्या वर्षांत न टोचता राहिलेल्यांपैकी किती जण गेले याची वही कोणी ठेवली नाही. परळच्या प्रयोगशाळेत लशीचे उत्पादन चालू राहिले. १९०६ मध्ये तिचे नाव बदलून मुंबई बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी करण्यात आले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. हाफकिन तेव्हा हयात होते आणि आपण जिथून बाहेर पडलो त्याच वास्तूवर आपले नाव लागल्याची वार्ता त्यांना युरोपात कळली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. मुल्कोवालच्या त्या घटनेला त्या वेळी अठ्ठावीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते.